वारस नोंदीसाठी ई-हक्क पोर्टल: वाद नसेल तर वकिलाची गरज नाही

मृत्युपत्र न करता माणूस गेला, शेत त्याच्याच नावावर राहिलं, तर मराठवाड्यात पहिला फटका अनुदानाला बसतो. अतिवृष्टीचे पैसे मंजूर होतात, पण मयताच्या नावावर ई-केवायसी होणार कशी? म्हणून वारस नोंद लवकर करा. कायद्याने तीन महिन्यांत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचं असतं.

त्यासाठी महसूल विभागाचं ई-हक्क पोर्टल खरोखर कामाचं आहे. मयताचं खातं शोधा, मृत्यूची तारीख टाका, गट निवडा, मग एकेक वारस नात्यासह भरा. सोबत मृत्यू दाखला, आठ-अ (खातेउतारा), रेशन कार्ड आणि शपथपत्र.

अर्ज अडतो तो नावावर. सातबारावर 'दगडू', दाखल्यावर 'दगडोबा'. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, हे शपथपत्रात आधीच लिहून टाका.

त्याहून मोठी चूक म्हणजे लेकींना वगळणं. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगे, मुली आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. आजी हयात असेल तर तिचंही नाव लागतं. मयताच्या आधीच वारलेल्या मुलाची बायको-पोरंसुद्धा येतात. सासरी गेलेली लेक लपवून केलेला फेरफार (सातबारावरच्या बदलाची नोंद) उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलात जातो, आणि घरातली माणसं वर्षानुवर्षं तारखा खात बसतात. तिला स्वखुशीने हक्क सोडायचा असेल तर आधी तिचं नाव लावा, मग दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवा. नोटरीच्या बाँडवर हक्क सुटत नाही.

अर्ज मान्य झाला की फेरफार धरला जातो, 15 दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस 'आपली चावडी' या ऑनलाइन सूचनाफलकावर दिसते, ती बघत राहा. हरकत आली तर मात्र प्रकरण सुनावणीला जातं.

पोर्टल हिस्से पाडून देत नाही. वाटणीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे सगळ्यांच्या संमतीने अर्ज करावा लागतो. वर्ग 2 ची (विक्री-हस्तांतरावर बंधनं असलेली) जमीन वारसांच्या नावावर होते, पण वर्ग 2 च राहते. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीत नमुना 8 ला (घरांच्या कर आकारणीची नोंदवही) वेगळा अर्ज. बँकेच्या खात्यावर नॉमिनी नेमलेला नसेल आणि रक्कम मोठी असेल तर बँक सहसा दिवाणी न्यायालयाचं प्रमाणपत्र मागते. वकिलाचा खर्च करायचाच असेल तर तो तिथे करा.