फिशरवर नायट्रोग्लिसरीनचं मलम: पाच महिन्यांनंतर

लाजत लाजतच लिहितोय. वर्षभर मी मूळव्याध समजून आईच्या सांगण्यावरून सुरण खात बसलो, शेवटी सर्जनकडे गेलो तर निघालं फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर, आणि तीही जुनी. तिथला स्नायू सारखा आवळलेला, त्यामुळे रक्त नीट पोचत नाही, त्यामुळे चीर भरत नाही, आणि दुखलं की स्नायू अजून आवळतो, असं ते चक्र.

दिलं काय तर ०.२ टक्के नायट्रोग्लिसरीनचं मलम. बाबा ट्यूब बघून म्हणाले, अरे ही तर माझ्या छातीच्या गोळीची बहीण! खरंच की, त्यांची जिभेखालची सॉर्बिट्रेट आणि हे मलम, दोन्हींतून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, तिकडे रक्तवाहिन्या सैल होतात, इकडे माझा... असो. डायनामाइटमध्ये असतं तेच हे, आणि नायट्रिक ऑक्साइडच्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं, म्हणजे त्या डायनामाइटवाल्याच्याच नावाचं.

आता डोकेदुखी. पहिल्याच सकाळी मलम लावून लगेच स्कूटर काढली आणि इंदूरच्या पलासिया चौकातल्या सिग्नलला कानशिलं अशी ठणकायला लागली की गाडी कडेला लावून, हेल्मेट काढून फुटपाथवर बसलो. डॉक्टरांना फोन केला तर कळलं मी बोटभर लावत होतो, लावायचं मटारच्या दाण्याएवढं, तेही हातमोजा घालून कारण बोटाच्या कातडीतूनही आत शिरतं, आणि नंतर थोडा वेळ आडवं पडायचं. तरी दोनेक आठवडे पॅरासिटामॉल लागलीच. माझ्या मित्राला हे झेपलंच नाही, त्याला डिल्टियाझेमच्या मलमावर टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं आणि मी शहाणा, मलम बंद करून थेट सराफ्याच्या खाऊगल्लीत, तळलेल्या गराडू कंदावर तिखट जिरावण मसाला मारून. चार दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! मग मात्र पूर्ण आठ आठवडे, दिवसातून दोनदा, जोडीला रात्री इसबगोल आणि सकाळी कोमट पाण्याच्या टबात बसणं. त्यानंतर चीर भरली. सगळ्यांची भरतेच असं नाही, काहींना ऑपरेशन लागतंच, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं.

एक मात्र मेडिकलवाला विचारत नाही: सिल्डेनाफिलवाली (म्हणजे व्हायग्रासारखी) गोळी घेत असाल तर हे मलम लावायचं नाही, बीपी एकदम पडतं. लाज सोडून डॉक्टरांना सांगा, इतकं सगळं दाखवलंच आहे तर.

उरलेली ट्यूब कपाटात आहे. पोहे खातो, वर शेवही घेतो, जिरावण मात्र बायको लपवून ठेवते.