पुढच्या काचेला तडा गेलाय: भरून घ्यायचा की काच बदलायची, आणि कोणाकडून?

मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या आसपास पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काचेवर टक्कन आवाज झाला. डाव्या बाजूला तुरीच्या डाळीएवढा टवका. ‘घरी पोचल्यावर बघू’ म्हणत तसाच निघालो. दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत एसी फुल्ल लावला आणि डोळ्यांदेखत टवक्यातून तडा सरकत कडेला भिडला. आदल्याच गावात थांबून टवका भरून घेतला असता, तर ती काच वाचली असती.

म्हणून आधी भरणं की बदलणं, ते ठरवा. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर. खड्याने बहुतेक वेळा बाहेरचीच काच फुटते. त्या पोकळीतली हवा काढून रेझिन भरतात आणि अतिनील दिव्याने ते कडक करतात. डाग थोडा दिसत राहतो, पण तडा वाढायचा थांबतो, खर्च नव्या काचेच्या मानाने किरकोळ येतो आणि कारखान्यात केलेलं चिकटकाम शाबूत राहतं. टवका रुपयाच्या नाण्याखाली झाकला जात असेल, कडेपासून लांब असेल आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोर नसेल, तर भरून घ्या. तोवर त्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, कारण आत पाणी किंवा धूळ गेली की रेझिन नीट धरत नाही. तडा कडेला पोचला असेल किंवा आतली काचही चिरली असेल, तर काच बदलाच. नजरेसमोरचा टवकाही भरू नका. रात्री समोरच्या गाडीचा झोत त्या डागावर पसरतो. बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा टफन्ड असतात, फुटल्या की त्यांचा चुरा होतो. तिथे भरण्याचा प्रश्नच नाही.

बदलायचीच असेल तर सगळे काचेचा भाव विचारतात. माझं मत ठाम आहे: आधी चिकटवणाऱ्याची चौकशी करा. आजच्या गाड्यांत काच पॉलियुरेथेन या मजबूत चिकटपदार्थाने बॉडीला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छताला ती आधार देते, आणि डावीकडची एअरबॅग बऱ्याच गाड्यांत तिच्यावर टेकूनच फुगते. चिकटकाम कच्चं असेल तर फुगणारी बॅग काचच बाहेर ढकलू शकते.

मी पहिल्यांदा घराजवळच्या दुकानात स्वस्तात काच बसवली. पहिल्याच पावसात डाव्या सीटखालचं मॅट ओलं झालं. दुसऱ्या फिटरने काच काढली, तेव्हा पॉलियुरेथेनऐवजी लावलेलं सिलिकॉन कडेने सायीसारखं सुटून आलं. खाली चौकटीच्या पत्र्यावर पात्याचा ओरखडा होता आणि त्यात तांबूस गंज धरायला लागला होता.

ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या कंपनीची काच मिळते, पण बिल जास्त येतं आणि कधी कधी काचेची वाट बघावी लागते. तिथेही प्रत्यक्ष बसवणार कोण, ते विचारा. फक्त काचांचंच काम करणारी दुकानं बहुधा स्वस्त पडतात, आणि साध्या गाडीसाठी मी तीच निवडेन. सेंट-गोबेन आणि असाही इंडिया गाड्यांच्या कंपन्यांनाही काचा पुरवतात, त्यामुळे गाडीचा लोगो नाही म्हणून काच हलकी ठरत नाही. कोपऱ्यावर आयएसआय खूण आणि ‘लॅमिनेटेड’ हा शिक्का मात्र बघा. काचेमागे एडासचा, म्हणजे ड्रायव्हरला लेन आणि ब्रेकच्या सूचना देणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा असेल तर हिशोब बदलतो. नव्या काचेनंतर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, लागतं, नाहीतर त्या सूचना चुकू शकतात. ते करून लेखी देणार असतील तिथेच जा, बहुतेकदा ते ऑथराइज्ड सेंटरच असतं.

विम्याचं गणित सरळ आहे. नुसता थर्ड पार्टी असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा लागत नाही, म्हणजे काच जुनी म्हणून पैसे कापत नाहीत, पण १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सहसा १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्या खिशातून जातात. खरा फटका नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, असतो. समजा ओन डॅमेजचा (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता १०,००० आणि बोनस ५० टक्के आहे. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त भरावे लागतील आणि बोनस पुन्हा २० टक्क्यांपासून चढत जाईल. सात-आठ हजारांच्या काचेसाठी मी क्लेम करणार नाही, तीस हजारांच्या काचेसाठी नक्की करेन. बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन असेल तर आधी त्याच्या अटी वाचा.

काच बसली की ‘गाडी कधी चालवू?’ हे फिटरला विचारा. चिकटपदार्थाप्रमाणे ते तासाभरापासून कित्येक तासांपर्यंत असू शकतं, आणि घाई असेल तर रिक्षाने घरी जा. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, कारण दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या चिकटकामावर येतो. प्रेशरने धुणं दोन दिवस टाळा. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो. तो सोलून परत चिकटवला तर चालत नाही, तेव्हा काच बदलायला देतानाच बँकेकडे नवा मागवून ठेवा.