न मिळालेलं रीडिंग कोरं ठेवणारं सॉफ्टवेअर

तासगावकडं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथली मशिनरूम आणि लाइटबिल दोन्ही माझ्याकडं. महावितरणचा मीटर सीलबंद, त्याला आपण हात लावत नाही. पण पॅनलमध्ये आमचे स्वतःचे 11 मीटर आहेत: अमोनियाचे चार कॉम्प्रेसर, पंप, कुलिंग टॉवर, चेंबरचे पंखे. दर 15 मिनिटांनी त्यांचं रीडिंग घेणारं सॉफ्टवेअर 2013 साली बसवलं होतं. मागच्या दिवाळीत कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. डोंगल (सॉफ्टवेअर चालू करायची किल्ली) शाबूत, पण सीडी कुणाकडंच नाही आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

खरं तर ते आधीच कामातून गेलं होतं. 1 एप्रिल 2020 पासून एचटीचं, म्हणजे आमच्यासारख्या उच्चदाब ग्राहकांचं, बिल केव्हीएएचवर (लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर) आलं, हे फक्त केडब्ल्यूएच (त्यातली खरी कामाला आलेली वीज) दाखवायचं. टीओडीचे, म्हणजे वेळेप्रमाणं बदलणाऱ्या दराचे, तास आत कायमचे कोरलेले. सवलत दिवसाच्या सोलर तासांकडं सरकली तरी हे बापडं रात्री 10 ते सकाळी 6 चेच गोडवे गात होतं.

सांगलीत विश्रामबागेत दोन पोरांचं छोटं ऑफिस आहे, त्यांच्याकडून नवीन करून घेतलं. 85 हजार, दीड महिना. पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडायच्या आधी पोरांनी पॅनल उघडला. आमच्या वायरमननं मीटरचे आकडे कॉम्प्युटरकडं नेणारी आरएस-485 ची वायर झाडाच्या फांद्यांसारखी फोडली होती, तीही मोटारच्या केबलला चिकटून. ती काढून एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी एकच माळ ओढायला लावली आणि टोकाला 120 ओहमचा रेझिस्टर. "काका, निम्मं दुखणं इथंच आहे," त्यातला एक म्हणाला. दोन दिवस गेले म्हणून मी चिडलो होतो. जुन्या सॉफ्टवेअरला रोज संध्याकाळी रीस्टार्ट का लागायचा ते तेव्हा कळलं.

मग आकडे आले. 7 नंबरचा पंप अख्ख्या तालुक्याची वीज खातोय असं दिसलं. मॉडबसवर (मीटर ज्या भाषेत आकडे पाठवतात तिच्यात) 32 बिटांचा आकडा 16-16 च्या दोन रजिस्टरांत येतो, आणि आधी कुठलं हे मेकप्रमाणं बदलतं. तो मीटर आम्ही मध्येच दुसऱ्या मेकचा टाकला होता. डिस्प्लेशी ताळा करत दुपारपर्यंत सुटलं.

2 नंबर कॉम्प्रेसरचा हिशोब मात्र मनाला लागला. मोटार मोठी बसवली तेव्हा 150/5 च्या सीटी (मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करणारे ट्रान्सफॉर्मर) काढून 300/5 च्या टाकल्या, म्हणजे गुणक 30 चा 60 झाला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो 30 च राहिला. डायरीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात. दोन वर्षं त्याचा वापर निम्मा दिसत होता आणि काटकसरी म्हणून आम्ही त्यालाच जास्त पळवत होतो! मालकांना अजून नीटसं सांगितलेलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. लाइट गेली किंवा मीटर आणि कॉम्प्युटर जोडणारा कन्व्हर्टर अडकला की जुनं सॉफ्टवेअर शून्य भरायचं, आणि लाइन आली की साचलेले सगळे युनिट एकाच 15 मिनिटांत ओतायचं. तो खोटा डोंगर बघून मी रात्रपाळीच्या पोरांना दोनदा झापलंय. नवीन ती जागा करडी ठेवतं. मीटरचा काटा पुढं गेलेला असतोच, त्यामुळं एकूण युनिट बरोबर मिळतात. मधले कधी वापरले ते माहीत नाही, असं स्वच्छ लिहितं. आमचे अकाउंटंट म्हणाले, कोरं कशाला, सरासरी टाका. पोरांनी टाकली, पण तारा मारून आणि खाली "अंदाजे" लिहून. तो तारा काढून मागितला तर नाही म्हणाले. बरोबर केलं.

पहिल्या महिन्यात आमच्या इनकमरची (सगळी वीज आत येते त्या मुख्य लाइनची) आणि महावितरणच्या बिलाची तफावत 1.3 टक्के आली. टीओडीचे तास आणि सीटीचा गुणक आता मी स्वतः बदलतो, आणि कुणी कधी बदललं त्याची नोंद राहते. सोर्स कोडही पेन ड्राइव्हवर घेतलाय. दुधानं तोंड भाजलंय आमचं.

उणं बरंच आहे. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, "कॉम्प्रेसर" धड उमटत नाही. मोबाइलवर तक्ता बघायचा म्हणजे डोळ्यांना शिक्षा. बॅकअप त्याच कॉम्प्युटरवर ठेवला होता, हार्डडिस्क गेल्याची कथा ऐकून सुद्धा. मी ओरडल्यावर बाहेर न्यायला लागले. रविवारी फोन उचलत नाहीत. पाचपैकी चार तारे देतो.

डिमांड (एका वेळी ओढला जाणारा वीजभार) महावितरणशी केलेल्या करारातल्या मर्यादेपर्यंत पोचायला लागली की वाजणारा अलार्म अजून यायचा आहे. फेब्रुवारीत नवा माल चढायला लागतो, तेव्हा चारही कॉम्प्रेसर एकदम पळतात. त्याआधी द्या, एवढंच सांगितलंय.