एमएस्सीसाठी जॅम की सीयूईटी-पीजी?

भाची टीवायबीएस्सी फिजिक्सला आहे. तिचा प्रश्न: एमएस्सीच्या प्रवेशासाठी कुठला अर्ज भरू, आयआयटी घेतात त्या जॅम परीक्षेचा की केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी-पीजी परीक्षेचा?

आधी पेपर बघू. जॅमला तीन तासांत ६० प्रश्न, १०० गुण. त्यात २० प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराचा आकडा स्वतः काढून भरायचा. पाठांतर इथे तोकडं पडतं. वर्षभर गणितं सोडवावी लागतात. सीयूईटी-पीजीत ९० मिनिटांत ७५ प्रश्न, सगळे बहुपर्यायी. तिथे वेग लागतो, आणि चुकलेल्या उत्तरामागे एक गुण जातो.

खरा फरक निकालानंतर कळतो. जॅममध्ये आयआयटींसाठी एकच अर्ज, एकच पसंतीक्रम. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटींची समुपदेशन फेरी वेगळी, पण गुण तेच. सीयूईटीत मात्र दिल्ली, बीएचयू, हैदराबाद, प्रत्येक विद्यापीठाची नोंदणी आणि शुल्क निराळं. तारखा कुणी आठवण करून देत नाही, भिंतीवर लिहून ठेवा.

जॅमचे विषय सातच. मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्रात एमए करायचं असेल तर बहुतेक केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटीच.

संशोधनाची ओढ आणि तयारीला वर्ष असेल तर जॅम. विषय बदलायचा असेल किंवा तयारी उशिरा सुरू झाली असेल तर सीयूईटी. भाचीला मी जॅमच सांगितलं, सीयूईटीचा अर्जही भरून ठेव म्हटलं.