नवीन म्हणून दिलेलं संविधान जुनं निघालं, तरी ३ स्टार

भाचीला लॉला ॲडमिशन मिळाली म्हणून अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून मराठी संविधान घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस तसा बरा आहे. "नवीनच एडिशन आहे काका" म्हणाला, वर प्लास्टिक चढवलेलं, मी पण न उघडता घेऊन आलो. घरी पोरीने एकविसावं कलम (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) काढलं आणि म्हणाली मामा, २१क कुठेय? बघतो तर २१ संपलं की थेट २२. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने आला (लागू व्हायला २०१० उजाडलं), म्हणजे हा माल त्याच्याही आधीचा!

परत गेलो. बिल नव्हतं तरी कटकट न करता नवीन दिलं, वरचे पैसे घेतले, आणि जुनं "राहू द्या तुम्हालाच, आता कोण घेणार" म्हणाला.

मग रात्री दोन्ही शेजारी ठेवून भाग ३, म्हणजे मूलभूत हक्कांचा भाग, वाचत बसलो. दोन्हीत ३१ च्या जागी नुसतं रद्द आणि खाली तळटीप. तिथे मालमत्तेचा हक्क होता हो, मूलभूत! जमीनदारी काढायला गेले तर कोर्टकज्जे, म्हणून १९५१ लाच पहिली दुरुस्ती करून ३१क, ३१ख आणि नववी अनुसूची (कोर्टात आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांची यादी) घातली, आणि १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो हक्कच मूलभूत हक्कांतून उचलून ३००क मधे नेऊन ठेवला (कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, एवढंच). वडिलांची जमीन रस्त्यात गेली तेव्हा वकील सारखं ३००क ३००क करायचे ते आत्ता डोक्यात शिरलं. गंमत म्हणजे त्याच दुरुस्तीने आणीबाणीतसुद्धा कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ ला हात लावता येणार नाही असं करून ठेवलंय. प्रायव्हसीचा हक्क मात्र दोन्ही पुस्तकांत शोधून सापडला नाही, तर भाची हसली, म्हणे तो २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ जजनी २१ मधूनच काढलाय, वेगळं कलम कुठलं असायला.

एक स्टार फसवल्याबद्दल कापला, एक तळटीपांच्या टाइपबद्दल, मुंग्या बऱ्या. घ्यायला गेलात तर प्लास्टिक तिथेच फोडायला लावा आणि आधी २१क बघा.