मॅडमच्या इंग्रजी रायटिंग बॅचला चार स्टार, एक स्टार नोट्समुळे कापला

दोन महिन्यांची शनिवार-रविवारची बॅच कालच संपली म्हणून आठवतंय तोवर लिहितेय. मी वकिलांच्या ऑफिसात ड्राफ्ट टाईप करते, शिक्षण मराठी मिडीयममध्ये, आणि कायम अडायचं ते एकाच ठिकाणी, एफआयआर, आरटीआय, एनओसी असला शॉर्टफॉर्म आला की इंग्रजीत त्याच्या आधी ए (a) लावायचं का ॲन (an). शाळेत घोकलेलं की ए ई आय ओ यू असेल तर ॲन आणि बाकी सगळीकडे ए, म्हणून मी बिनधास्त 'ए एफआयआर' टाईप करायचे आणि साहेब पेनने ॲन करून कागद परत पाठवायचे, का ते कधी कोणी सांगितलं नाही.

मॅडमनी पहिल्यांदा हेच सांगितलं की स्पेलिंगकडे बघूच नका, तोंडातून आवाज काय निघतो तो ऐका. आणि ऐकू येत नसेल तर शॉर्टफॉर्म देवनागरीत लिहा!! एफआयआर ए ने सुरू होतो, आरटीआय आ ने, एमएलए परत ए ने, म्हणजे स्वर, म्हणजे ॲन. यूपीएससी य ने, बीए ब ने, पीएफ प ने, तिथे ए. मग पूर्ण एबीसीडी फळ्यावर अशी लिहून काढली तर स्वराने सुरू होणारी 12 अक्षरं निघाली, ए ई एफ एच आय एल एम एन ओ आर एस एक्स. यू त्यात नाही. मला तर वाटतं आपण लहानपणी स्वर-व्यंजनं वेगळी म्हणत आलोय म्हणून आपल्याला हे पटकन कळतं, फक्त तसं कोणीतरी दाखवायला हवं होतं.

फुल फॉर्मचा घोळ पण सुटला. फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट पूर्ण लिहिलं तर ए, एफआयआर लिहिलं तर ॲन, एकाच पत्रात दोन्ही आले तरी दोन्ही बरोबर. नासा आपण शब्दासारखं वाचतो म्हणून ए आणि एनसीसी सुटं सुटं वाचतो म्हणून ॲन, सिम कार्डला ए आणि एसएमएसला ॲन. वाक्यात 'Rs 500 note' असं आरएस लावून लिहिलेलं असलं तरी वाचताना 'फाईव्ह हंड्रेड रुपी नोट'च म्हणतो ना, मग तिथे ए. आयटीतल्या एका मुलाने एसक्यूएलचं (डेटाबेससाठीची कॉम्प्युटरची भाषा) विचारलं कारण त्याच्या टीममध्ये अर्धे जण सीक्वेल म्हणतात, तर मॅडम म्हणाल्या तुम्ही जसं म्हणता तसं लावा, फक्त एका डॉक्युमेंटमध्ये एकच ठेवा. मला हे फार आवडलं, उगाच एकच उत्तर लादलं नाही.

आता तक्रार. छापील नोट्सचे 300 रुपये वेगळे घेतात आणि त्यात चक्क 'ए एलईडी बल्ब' आणि 'ॲन यूपीएससी एक्झाम' छापलंय, म्हणजे वर्गात शिकवलं त्याच्या बरोब्बर उलटं. मी दाखवलं तेव्हा मॅडमनी सगळ्यांकडून पेनने दुरुस्त करून घेतलं पण नवीन बॅचला परत तोच गठ्ठा वाटताना मी बघितला, जो मुलगा एक दिवस गैरहजर राहील तो तेच पाठ करून परीक्षेला जाईल, हे लवकर बदला प्लीज.

नोट्स घेऊ नका, साधी वही न्या. आणि सकाळची बॅच घ्या, दुपारी गर्दी असते आणि मागच्या बाकांवर मॅडमचा आवाज नीट पोचत नाही.