डागसुद्धा छापील निघाले

मला कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिसचं सेबल हरीण, म्हणजे त्या आफ्रिकी हरणाचं जुनं छापील चित्र, हवं होतं. हा हॅरिस कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर्स या लष्करी दलातला. आजारपणाच्या रजेवर दक्षिण आफ्रिकेत केपला गेला आणि १८३६-३७ मध्ये बैलगाड्या जोडून थेट तिथल्या मझिलिकाझी या एन्देबेले राजाच्या मुलखात शिकार करत हिंडला. (आजारी माणसाची रजा ही अशी!) मॅगलीसबर्गच्या डोंगरात त्याला हे काळंभोर, मागे वळलेल्या लांब शिंगांचं हरीण दिसलं. त्याचं प्रवासवर्णन पहिल्यांदा छापलं गेलं ते लंडनला नव्हे, तर १८३८ साली आपल्या मुंबईत, अमेरिकन मिशन प्रेसमध्ये. मराठी मुद्रणाचे आद्य पुरुष गणपत कृष्णाजी ज्या छापखान्यात कामाला होते, तोच हा. म्हणून तर जीव अडकला होता.

पुढे १८४० मध्ये लंडनहून त्याच्या प्राण्यांचा मोठा चित्रसंग्रह निघाला. त्यात ३० शिळाछाप (दगडावरून छापलेली) चित्रं, हातानं रंगवलेली. असे ग्रंथ फोडून एकेक पान विकतात, आणि भामट्यांचं फावतं ते इथेच. सुट्या पानाला ना मुखपृष्ठ, ना बांधणी.

ऑनलाइन भेटलेल्या एका दलालानं सेबलचं पान दाखवलं. जुनी फ्रेम, पिवळा कागद, कोपऱ्यात तपकिरी डाग. किंमत अठरा हजार. "काका, फ्रेम उघडू नका हं, कागद ठिसूळ झालाय," असं दोनदा बजावलं. मला ती काळजी वाटली! यूपीआयनं पैसे पाठवून मोकळा झालो.

महिन्याभरानं भिंग लावलं. हरणाच्या पाठीवर निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके, एकसारख्या जाळीत. म्हणजे ऑफसेट, आजकालची यंत्रावरची छपाई. शिळाछापात दगडाचा खरखरीत कण दिसतो, वर जलरंगाचा हात असतो आणि तो कुठेतरी रेषेबाहेर जातोच. मग भिंग कोपऱ्यातल्या डागावर नेलं. डागातही तेच ठिपके! कुणीतरी अस्सल पानाचा फोटो डागांसकट छापला होता. फ्रेम उघडली. कडांना चहाचं पाणी लावलेलं, मागची बाजू मात्र पांढरी. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ती निळी चमकली. ही चमक आजच्या कागदातल्या रसायनांची; १८४० च्या कागदात कुठली आलीय ती?

फोन केला तर म्हणाला, "मी 'अस्सल' असं लिहून कुठे दिलं होतं?" खरंच दिलं नव्हतं. जाहिरातीत नुसतं '१८४०, हॅरिस' एवढंच होतं. आता त्याचा नंबर बंद आहे. हॅरिसबुवा १८४८ मध्ये पुण्याजवळच वारले. गाऱ्हाणं तरी कुणाकडे नेणार?